दोन्ही कर्ण जुळले पाहिजेत

आठवीच्या मुलांना लोखंडी अँगलची आयताकृती चौकट करायला दिली की खरी कसोटी काटकोनाची असते. तुकडे मापात कापले, कोपऱ्याला गुण्या लावून पाहिला, तरी सलग वेल्डिंग केल्यावर चौकट तिरकी होते. तापलेलं लोखंड थंड होताना आकसतं आणि तुकड्याला आपल्याकडे ओढतं. म्हणून जाणता कारागीर आधी चारही कोपऱ्यांना नुसते टाके मारतो आणि टेपने दोन्ही कर्ण मोजतो. एक कर्ण मोठा भरला, तर त्याच्या टोकाशी हातोडीचा ठोका देऊन चौकट जुळवतो आणि मगच सांधे पक्के करतो. समोरासमोरच्या बाजू समान आणि कर्णही समान असले, तर चारही कोन काटकोन. हे प्रमेय परीक्षेपुरतं पाठ केलेल्या मुलाच्या हातात टेप आली की ते त्याचं स्वतःचं होतं.

हाताने काम करत शिकण्याचा हा विचार महाराष्ट्रात गंभीरपणे करून दाखवला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी. केलेला, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलेला हा शास्त्रज्ञ 1983 मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळ या अवर्षणप्रवण गावात आला आणि त्याने विज्ञान आश्रम उभा केला. तिथून शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय तयार झाला. कार्यशाळा, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे त्याचे चार भाग. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाने चारही शिकायचे. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस त्यासाठी. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब ही संगणकाच्या मदतीने वस्तू बनवायची कार्यशाळाही आली. एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी ती एक.

मला मात्र यंत्रांपेक्षा दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. पहिली, शिकवणारा माणूस पंचक्रोशीतला, त्याच कामावर पोट भरणारा. दुसरी, वस्तू कुणाच्या तरी गरजेची. बाक दुरुस्त करायचा तर त्यावर उद्या कुणीतरी बसणार असतं. सोबत खर्चाचा हिशेब येतो: लोखंड किती किलो, वेल्डिंगच्या कांड्या किती, वाया किती गेलं, मजुरी किती धरायची. मोडलं तर पुन्हा करायचं. तयार किटचे भाग जोडून दिवा पेटवण्यात मजा आहे, पण किट बनवणाऱ्याने चुकायच्या सगळ्या जागा आधीच बुजवलेल्या असतात. मूल शिकतं ते त्याच जागांवर.

2016 पासून अटल टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून पाहायच्या शाळेतल्या प्रयोगशाळेसाठी, शाळांना 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागलं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकायला पाठवा म्हणतं. दोन्हींचं मी मनापासून स्वागत करतो. पण दहा दिवसांत मूल फार तर ओळख करून घेईल. कानस सरळ चालायलाच काही आठवडे लागतात. शाळांनी वेळापत्रकातला आठवड्याचा एक दिवस यासाठी राखावा आणि गावातल्या वेल्डरला, गवंड्याला, वायरमनला रीतसर मानधन देऊन वर्गात आणावं. दरवर्षी संपणाऱ्या मालासाठी, म्हणजे पत्रा, कांड्या, लाकूड, वायर यांसाठी वेगळी तरतूद हवी. यंत्रं एकदाच घ्यावी लागतात, हा खर्च मात्र दर महिन्याचा आहे.