दुचाकीस्वारांचा मन्यास्तंभ

मुळशीतील नांदे येथून हिंजवडीस स्पोर्ट मोटारसायकलने नित्य जाणारा तरुण मान-पाठ धरल्याची तक्रार घेऊन आला, तर केवळ तैल देऊन भागणार नाही. या वाहनाचे हँडल खाली व फुटरेस्ट मागे असतात. स्वार पुढे वाकतो आणि रस्ता दिसावा म्हणून मान वर उचलून धरतो. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात मन्यास्तंभाच्या हेतूंमध्ये ऊर्ध्वनिरीक्षण गणले आहे. त्याचेच हे आजचे रूप होय, असे आम्हांस वाटते.

म्हणून निदानपरिवर्जन प्रथम. मांड्यांनी टाकी धरावी, भार मनगटांवर न टाकता पोट-पाठीच्या स्नायूंनी पेलावा, कोपरे सैल ठेवावीत. अभ्यंग-स्वेदन त्यानंतर. हातास बधिरता वा दुर्बलता असल्यास मात्र कालक्षय न करता तज्ज्ञांकडून तपासणी करवावी. औषधालयचालकांनीही बाटली देण्यापूर्वी ‘वाहन कोणते?’ असे अवश्य विचारावे.