डिकी, दिवे आणि मामांची गाडी

मंडळाच्या ताई म्हणाल्या, "तू फिजिक्सची आहेस ना, मग या अंकाला कविता नको. काहीतरी समजावून सांगणारं लिही." त्याच आठवड्यात मामांच्या गाडीला डिकीचं झाकण बसलं. म्हणून हा विषय.

मामा हिमायतनगरला आमच्या घरामागच्या शेडमध्ये तीन वर्षं एक गाडी बांधताहेत. दोन माणसांची, बुटकी, उघडी. इंजिन भंगारात निघालेल्या मारुती ८०० चं, म्हणजे ७९६ सीसी, तीन सिलिंडर. सांगाडा चौकोनी पाइपचा, वेल्डिंग करून घेतलेला. वरची बॉडी फायबरची. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी गल्ली जमली होती, मामींनी पेढे वाटले. दिवे लावायला घेतले तेव्हा शेडमध्ये मामा, मी आणि एक मांजर. मला तर वाटलं होतं, आता काय, चार दिवे आणि एक झाकण, रविवारी होऊन जाईल. त्याला साडेचार महिने लागले.

घरी गाडी बांधणं हे काही आमच्या मामांचंच वेड नाही. इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये 'सेव्हन' नावाची गाडी काढली. ती सुट्या भागांत घरी न्यायची आणि आपली आपण जोडायची. जोडलेल्या गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता, त्यामुळे ती स्वस्त पडायची. अशा गाडीला 'किट कार' म्हणतात. त्याच सेव्हनच्या धर्तीवर आपल्या अलिबागजवळ चिंकारा मोटर्स या छोट्या कंपनीने रोडस्टर बनवली. बॉडी फायबरची, इंजिन अँबॅसडरमध्ये यायचं ते १.८ लिटरचं इसुझू. त्याच्याही कितीतरी आधी इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी स्वतःच्या डोक्याने 'मीरा' नावाची छोटी गाडी बांधली आणि १९४० च्या दशकापासून १९७० च्या दशकापर्यंत तिची एकामागून एक रूपं केली. ती बाजारात आलीच नाही. आणि आपल्या हैदराबादेत, झू पार्कजवळ बहादूरपुऱ्याला, के. सुधाकर यांचं सुधा कार म्युझियम आहे. वांग्याच्या, क्रिकेट बॅटच्या, बर्गरच्या आकाराच्या गाड्या तिथं आहेत, आणि त्या चालतात. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी एकदा जाऊन या. मात्र वांग्याकडे बघून हसून झालं, की वाकून जरा मागचे दिवे कुठं आणि कसे बसवलेत ते बघा. मी आता तेच बघते.

आता मुद्द्याकडे येते.

नेहमीच्या गाडीची बॉडी पत्र्याची असते. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली वायर दिव्यापर्यंत येते, पण दिव्यापासून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत जाणारी वायर बहुतेक ठिकाणी नसतेच. ते काम पत्रा करतो. सगळी बॉडीच एक मोठी वायर असते. मेकॅनिक लोक तिला 'अर्थ' म्हणतात, जमिनीशी तिचा काही संबंध नसला तरी. म्हणूनच जुन्या गाडीचा टेल लाइट काढून बघितला तर त्याला अर्थची वेगळी वायर दिसत नाही. ज्या स्क्रूने तो पत्र्याला बसवलेला असतो तो स्क्रूच त्याची अर्थ.

उजवा टेल लाइट मामांनी लावला. डावा मी. दोन वायरी जोडल्या, स्क्रू घट्ट आवळले आणि अभिमानाने "झालं मामा" म्हटलं. ब्रेक दाबला. उजवा झगझगीत, डावा मंद. डावीकडचा इंडिकेटर लावला तर भलतंच. तो स्वतः धड पेटेना, आणि उजव्या बाजूचा ब्रेक लाइट त्याच्या तालावर मंद लुकलुकायला लागला! मी वायरी तीनदा तपासल्या. बल्ब बदलला. एक संध्याकाळ गेली.

मामांनी विचारलं, "तो स्क्रू कशात घातलास ग?"

फायबरमध्ये घातला होता. फायबर म्हणजे काचेचे धागे आणि रेझिन. त्यातून वीज जात नाही. माझ्या दिव्याला परतीची वाटच नव्हती.

मग तो मंद तरी का पेटला? इथं खरी गंमत आहे. टेल लाइटमध्ये जो बल्ब असतो त्यात दोन तारा असतात. एक ५ वॉटची, रात्री सतत पेटणारी. दुसरी २१ वॉटची, ब्रेक दाबल्यावर पेटणारी. दोघींचं एक टोक बल्बच्या पितळी बुडाला जोडलेलं असतं. अर्थ नसली की ब्रेकच्या तारेतून आलेली वीज बुडापर्यंत पोचते आणि तिथं अडते. मग ती मिळेल त्या वाटेने सुटते, म्हणजे शेजारच्या ५ वॉटच्या तारेतून उलटी मागे, टेल लाइटच्या वायरीतून इतर दिव्यांकडे, आणि त्यांची अर्थ वापरून बॅटरीकडे. इंडिकेटरचंही तसंच. त्याची वीज डाव्या ब्रेकच्या तारेतून उलटी शिरली, ब्रेकच्या वायरीने उजवीकडे गेली आणि तिथल्या दिव्यातून बाहेर पडली. एवढ्या दिव्यांतून ओळीने जाताना प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच व्होल्ट येतात, म्हणून सगळे मंद. तुमच्या घरच्या गाडीतही कधी एक बटण दाबल्यावर दुसराच दिवा मिणमिणला, तर बल्ब बदलण्याआधी अर्थचा स्क्रू बघा. तिथं बहुतेक गंज असतो.

मग आम्ही प्रत्येक दिव्याला वेगळी काळी वायर दिली आणि त्या सगळ्या सांगाड्याला वेल्ड केलेल्या एका बोल्टवर आणल्या. तिथला रंग खरवडून काढला. रंगही वीज अडवतो, हे मला आधी सुचलं नव्हतं.

पुढच्या हेडलाइटची भानगड वेगळी. ५५ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर ओढतो, दोन मिळून नऊ. एवढा प्रवाह डॅशबोर्डवरच्या नाजूक बटणातून नेला तर बटण तापतं, आणि लांबलचक बारीक वायरीत व्होल्ट गळतात. दिवा पिवळट पडतो. म्हणून मध्ये रिले लावतात. बटणाने फक्त रिलेला इशारा द्यायचा, मोठा प्रवाह बॅटरीकडून रिलेमार्गे जाड वायरीने थेट दिव्याकडे. डाव्या-उजव्याला फ्यूज वेगवेगळे. एकच फ्यूज ठेवला आणि तो रात्री उडाला तर दोन्ही डोळे एकदम जातील. रिले, फ्यूज, वायर हे सगळं आम्ही कोठीला ट्रूप बाजारातून आणलं. काही गोष्टी राणीगंजला मिळाल्या. मामांची बाजारातली घासाघीस हा एका वेगळ्या लेखाचा विषय आहे.

हेडलाइट नुसता पेटून भागत नाही, त्याचा रोख बसवावा लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये हे मापासकट दिलंय. दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर कुणाचे डोळे असतील तर ते दिपता कामा नयेत. वाचताना नियम कोरडा वाटतो. पण लिबर्टीच्या चौकात रात्री समोरून आलेल्या गाडीने क्षणभर आंधळं केलेलं ज्याला आठवतं, त्याला तो अर्धा मीटर उजवीकडचा माणूस कोण ते लगेच कळेल. तो म्हणजे समोरून येणारा स्कूटरवाला. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपल्याकडच्या डिपरचा उजेड उजवीकडे खाली कापलेला आणि डावीकडे थोडा वर चढलेला असतो. रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस दिसावा म्हणून. अमेरिकेतून मागवलेला देखणा दिवा लावला तर सगळं उलटं होतं. मामांना तसा एक जोड कुणीतरी स्वस्तात देत होतं. "नक्को म्हटलं," मामा सांगतात.

रोख बसवायला भिंत लागते. गाडी भिंतीपासून ५ मीटरवर उभी केली, दिव्याच्या मध्याची उंची खडूने भिंतीवर आखली आणि डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेषेच्या ५ सेंटीमीटर खाली आणली. म्हणजे शंभराला एक असा उतार. हे करताना सीटवर माणसं बसलेली हवीत, कारण वजनाने गाडीचा मागचा भाग दबतो आणि पुढचे दिवे वर बघायला लागतात. मामींना अर्धा तास बसवून ठेवलं होतं. त्यांनी तेवढ्यात मेथी निवडली.

आता डिकी. बॉडीत एवढं मोठं भोक पाडणं हे दिसतं तितकं सोपं नाही. भोक पाडलं की बॉडी तिथं कमकुवत होते, मग कडेला जाडी वाढवा, बिजागऱ्या, कुलूप, रबर बिडिंग, सगळं आलं. टाटांची नॅनो २००९ मध्ये रस्त्यावर आली तेव्हा तिला मागून उघडणारं झाकणच नव्हतं. सामान ठेवायचं तर आतून मागची सीट पाडायची. उघडणारी डिकी तिला २०१५ च्या मॉडेलमध्ये मिळाली. एक लाखाची गाडी करायला निघालेल्या इंजिनिअरांनी जे जे वाचवलं त्यात हे झाकण होतं, यावरून त्याची किंमत समजावी.

फायबरचं झाकण साच्यातून निघतं ते भोकाशी तंतोतंत कधीच जुळत नाही. आधी गाडी चाकांवर उभी पाहिजे. जॅकवर उभी असताना सांगाडा किंचित पिळला जातो, आणि तेव्हा जुळवलेलं झाकण खाली उतरवल्यावर तिरकं दिसतं. मग चारी बाजूंनी सारखी फट, आम्ही ५ मिलिमीटरची धरली. तेवढ्या जाडीचे पुठ्ठ्याचे तुकडे फटीत खोचले, झाकण मास्किंग टेपने जागेवर चिकटवलं आणि मगच बिजागऱ्यांच्या खुणा केल्या. दोन बिजागऱ्यांच्या पिना एका सरळ रेषेत असायलाच हव्यात. नाहीतर झाकण उघडताना अडकतं, आणि जोर केला की फायबरला चांदणीसारखे तडे जातात. छिद्र पाडतानाही टेप लावूनच, हलक्या हाताने. बोल्टच्या मागे लोखंडी पट्टी हवी, नुसता वायसर पुरत नाही.

तडे गेले नाहीत, पण आम्ही दुसरीकडे चुकलो. झाकण उघडं राहावं म्हणून जे गॅसचे शॉकर असतात ते मामांनी भंगारातल्या एका हॅचबॅकचे आणले. फुकटात मिळाले म्हणून खूश होते. डिकी बंद केली, कुलूप लागलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत झाकणाला मधे कुबड आलं. वरचे कोपरे बोटभर उचलले गेले.

हिशोब मी नंतर केला, आधी करायला हवा होता. आमचं झाकण ६ किलोचं. त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून ३५ सेंटीमीटरवर. ६ गुणिले ३५ म्हणजे २१०. शॉकरची ढकल बिजागरीपासून १० सेंटीमीटरवरून लागते, म्हणजे २१ किलोचा जोर पुरे. दोन शॉकर, म्हणजे प्रत्येकी साडेदहा किलो. शॉकरवर जोर न्यूटनमध्ये छापलेला असतो, साडेदहा किलो म्हणजे साधारण १०० न्यूटन. मामांनी आणलेल्यांवर ४०० च्या वर आकडा होता. काचेसकट अख्खा मागचा दरवाजा उचलणारे शॉकर ते, आमच्या पापडासारख्या झाकणाचं काय होणार! अकरावीला मोमेंटची गणितं घोकली होती, फळी आणि टेकूची चित्रं काढून. फळी म्हणजे डिकी हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

रबर बिडिंगबद्दल थोडं. ते फक्त पावसासाठी नसतं. पळणाऱ्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे सायलेन्सरचा धूर तिथंच घोटाळतो आणि फट मिळाली की आत शिरतो. डिकी उघडी टाकून, बाहेर सामान लोंबकळत, काचा लावून गाडी हाकणारे आपण पाहतो. त्यांच्या नाकात तो धूर जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो.

इंडिकेटर, टेल आणि ब्रेक लाइट आम्ही झाकणावर न लावता बॉडीवर लावले. झाकण उघडलं की त्यावरचे दिवे आकाशाकडे बघतात, आणि बंद पडलेल्या गाडीची डिकी उघडी असते तेव्हाच मागच्याला ते दिसायची जास्त गरज असते. झाकणावर फक्त नंबर प्लेटचा दिवा. त्याची वायर बिजागरीजवळ मोकळा झोल देऊन, रबरी ग्रोमेटमधून नेली. झोल नसेल तर उघडझाप करताना वायर महिन्याभरात तुटते.

इथवर आल्यावर तुम्ही विचाराल, गाडी रस्त्यावर कधी? हा प्रश्न घरात कोणी विचारत नाही. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीची तपासणी करून तिला नंबर देण्याची सोय आहे. आपल्याकडे गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून पास व्हावा लागतो. कंपनीला ते परवडतं, ती तशा हजारो गाड्या विकते. एका गाडीसाठी कोण करणार? जुन्या गाडीत फेरफार करावेत तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कडकपणे वाचलं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून छोटी जीप बांधली होती, स्कूटरसारखी किक मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, त्याच वेळी ती नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या अडवली जाईल हेही सांगितलं, आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. पुढच्या महिन्यात लोहारांना बोलेरो मिळाली. बातमी वाचून सगळ्यांना आनंद झाला. मामा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "बोलेरो चांगलीच आहे की. पण ती त्यांनी बांधलेली नाही."

कायदा चुकीचा आहे असं मला म्हणता येत नाही. माझ्यासारखी कोणीतरी स्क्रू फायबरमध्ये घालून "झालं" म्हणेल, आणि मागच्या गाडीवाल्याला ब्रेक लाइट दिसणार नाही. पण साडेचार महिने मी त्या शेडमध्ये होते, त्यामुळे कायदा बरोबर आहे असंही सहज म्हणवत नाही.

नियमात आणखी एक माप आहे. मागच्या नंबर प्लेटवर पांढरा उजेड पडला पाहिजे आणि नंबर १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे. परवा रात्री सगळे दिवे एकदम लावून बघितले. मामांनी शेडच्या दारापासून पावलं मोजली आणि फाटकाशी जाऊन उभे राहिले. मी बटण दाबलं. प्लेट अजून कोरी आहे, नुसती पांढरी. "दिसतंय का मामा?" मी ओरडले.

"हौ, स्वच्छ दिसतंय," मामा म्हणाले.