फारकतीचे कागद आणि काडीमोड

जुन्या दप्तरांच्या याद्या चाळतांना 'फारकत' हा शब्द वारंवार भेटतो, आणि यादी करणारा बहुधा त्यापुढें 'कर्जफेड' असें लिहून मोकळा होतो. 'फारिग' व 'खत' या फारसींतून आलेल्या अरबी शब्दांपासून झालेल्या या शब्दाचा मूळ अर्थ मोकळीक दिल्याचा लेख, एवढाच. सावकार ऋणकोस फारकत देई, वांटणी झाल्यावर भाऊ भावास देई, आणि नवरा बायकोसही देई. कागद उलगडून दोन ओळी वाचल्यावांचून ही मोकळीक कोणती तें कळत नाहीं. आम्ही स्वतः चाळीस वर्षांपूर्वी एका खाजगी रुमालांतील असे पांच-सात तुकडे 'किरकोळ' या सदरांत टाकून इनामाच्या कागदांकडे वळलों होतों. पुढें तो रुमाल घरवाल्यांनीं रद्दींत घातला. त्या चुकीचें अंशतः परिमार्जन व्हावें म्हणून हें टिपण लिहीत आहों.

ज्या जातींत पाट चाले, त्या जातींत सोडचिठ्ठीही चाले. पंचांसमक्ष गवताची काडी मोडावयाची, म्हणजे संबंध तुटला. 'काडीमोड' हा शब्द त्यावरून पडला. चिठ्ठी हातीं असल्यावर स्त्रीस दुसरा पाट लावण्याची वाट मोकळी होई. पाटास 'मोहतूर' असेंही नांव आहे व तें 'मुहूर्त' शब्दाचाच अपभ्रंश असावा असें आम्हांस वाटतें. गंमत अशी कीं, मुहूर्ताचें नांव धारण करणारा हा विधि बहुधा रात्रीं, वाजंत्र्यांवांचून, चार माणसांत उरकला जाई. लग्नाची बायको व पाटाची बायको हा भेद बोलण्यांत राहिला, तरी पाट हा अनाचार नव्हे. मराठेशाहींत सरकार 'लग्नटका' घेई तसेंच 'पाटदाम'ही घेई. ज्या संबंधावर सरकार उघडपणें पट्टी बसवितें, तो चोरटा म्हणतां येत नाहीं. सबब पाटदामाची जमाखर्चांतील एक ओळ ही त्या काळच्या समाजस्थितीविषयीं शंभर उपदेशांहून अधिक विश्वसनीय साक्ष होय.

शास्त्राकडे पाहूं जातां चित्र निराळें दिसतें. नवरा नाहींसा झाला, वारला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला किंवा पतित झाला, या पांच आपत्तींत स्त्रीस दुसरा पति सांगणारें वचन पराशर व नारद या दोन्ही स्मृतींत आहे. पराशरवचनाचा आधार ईश्वरचंद्र विद्यासागर यांनीं १८५५ त घेतला. पुढच्याच वर्षीं विधवाविवाहाचा कायदा झाला. १८७० त पुण्यास शंकराचार्यांपुढें विष्णुशास्त्री पंडित प्रभृतींचा जो वाद झाला, त्यांतही हें वचन पुढें आलें. प्रतिपक्षाचें बळ एका सप्तमीवर होतें. वचनांत 'पतौ' असें रूप आहे. पाणिनीयांस 'पत्यौ' हवें. तेव्हां मध्यें लुप्त अकार मानून 'अपतौ' वाचावें, म्हणजे पति वाङ्निश्चयापुरताच ठरतो! आम्ही जन्मभर विभक्त्या शिकविल्या, परंतु एका लुप्त अकारावर विधवांचें भवितव्य टांगावें हें आम्हांस कधीं रुचलें नाहीं. शिवाय कौटिलीय अर्थशास्त्र या पंडितांसमोर नव्हतें. शामशास्त्री यांनीं तें १९०९ त छापिलें. त्यांत धर्म्य विवाह सुटत नाहीं असें म्हणूनही, परस्परद्वेष असल्यास 'मोक्ष' सांगितला आहे. केवळ एकाच्या द्वेषानें मात्र तो मिळत नाहीं. काडीमोड ही शूद्रांची रूढि असें म्हणून नाकें मुरडणाऱ्यांनीं तें प्रकरण अवश्य पाहावें.

इंग्रजी न्यायालयें आल्यावर जातीचा अधिकार आकुंचित झाला. लग्न रद्द ठरविण्याचा किंवा पहिला नवरा हयात असतां स्त्रीस दुसरा पाट लावण्याची मोकळीक देण्याचा जातीचा हक्क मुंबई हायकोर्टानें १८७६ त शंभू रघूच्या खटल्यांत अमान्य केला. रखमाबाईंच्या खटल्यांत १८८७ त निवाडा झाला कीं, त्यांनीं नवऱ्याकडे जावें, नाहींतर सहा महिने कैद भोगावी. १८८८ त दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. गांवच्या पंचांनीं बहुधा फारकतीनें मिटविला असता असा तंटा चार वर्षें कोर्टांत राहिला, हें विसरतां येत नाहीं. मात्र पंचायतीची फार प्रशंसाही नको. चिठ्ठी पुष्कळदां नवऱ्याच्या मर्जीवर असे आणि पहिल्या घरचीं मुलें बहुधा बापाच्या कुळाकडे राहत. कायद्यानें घटस्फोट बडोदें संस्थानांत १९३१ त, मुंबई इलाख्यांत १९४७ त व सर्व देशांतील हिंदूंस १९५५ त मिळाला. या शेवटच्या कायद्याच्या २९ व्या कलमानें रूढीनें मिळणारी सोडचिठ्ठी शाबूत ठेविली आहे. म्हणून आजही अशा प्रकरणांत पक्षकारास आपल्या जातींत ही रूढि पूर्वापार होती हें सिद्ध करावें लागतें, आणि तेथें जुना कागद कामास येतो.

यास्तव संग्राहकांस विनंति अशी कीं, फारकतीचा तुकडा सांपडल्यास त्यावरील मिति, गांव, जात, पंचांचीं नांवें, दागिने व मुलें कोणाकडे राहिलीं तें, आणि चिठ्ठी कोणी मागितली हें स्वतंत्र टिपून ठेवावें. कागद जीर्ण असला तर चिकटपट्टी लावूं नये. तिच्या डिंकानें मोडीचीं अक्षरें खराब होतात.