बकरीची लस बैलाला कशी चालते?



लम्पीच्या लसीकरणाच्या वेळी गट ऑफिसात एका गाडीवानाने आम्हाला अडवले. "साहेब, बकरीनी लस बैलले कशी चालस?" उसाच्या रोगाचे आम्हाला झोपेतून उठवून विचारा, पण हे मात्र गुरांच्या डॉक्टरांकडे बसून समजून घ्यावे लागले.

२०२२ च्या साथीत राज्यातला लम्पीचा पहिला प्रादुर्भाव ऑगस्टमध्ये आपल्याच जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातील चिनावलला आढळला. गुरांचे बाजार बंद झाले. त्या वेळी राज्यभर गाई-बैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचली गेली. आता ती लागू का पडते ते पाहू.

माणूस असो की बैल, शरीराची राखण सारखीच. कातडी हे पहिले कुंपण. चावणारी माशी, डास, गोचीड ते भेदतात. आत शिरलेल्या परक्या जंतूंना रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी सरळ गिळू लागतात. सूज आणि ताप येतो तो या झटापटीमुळे. दुसऱ्या पांढऱ्या पेशी जरा निवडक असतात. त्यांच्यातली प्रत्येक पेशी एकच ठरावीक आकार ओळखते, आणि अशा निरनिराळ्या पेशी लाखो असतात. जिचा आकार जंतूच्या तुकड्याशी जुळला तिची वाढ सुरू होते. तिची पिलावळ जंतूला चिकटणारी प्रतिद्रव्ये सोडते, तर काही पेशी रोगट पेशीच मारून टाकतात. या तयारीला आठवडा-दोन आठवडे जातात, आणि जनावर दगावते ते बहुधा याच काळात.

लढाई संपली तरी थोड्या पेशी आठवण धरून राहतात. आपल्या शेतकी खात्यात प्लॉटची नोंद असली म्हणजे तोडीला वेळ लागत नाही, तसेच हे. लस म्हणजे रोग न होता झालेली नोंद. शेळीच्या देवीचा विषाणू आणि लम्पीचा विषाणू एकाच कुळातले, त्यांचे आकार बरेच जुळतात. म्हणून एकाची नोंद दुसऱ्यावर चालते. माणसांतही असेच झाले. १७९६ मध्ये इंग्लंडात जेन्नर यांनी गाईच्या देवीची लस माणसाच्या देवीवर वापरली, आणि १९८० मध्ये देवी जगातून गेल्याचे जाहीर झाले.

नोंद व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात. तेव्हा गाडी जुंपायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना बोलावण्यात अर्थ नाही. आजारी जनावराला टोचू नये. कधी विषाणू आधीच अंगात असतो आणि लस नंतर पडते, मग "लसीनेच लम्पी आली" असा बोभाटा होतो. ही लस दरवर्षी घ्यावी लागते.

वासराचे वेगळे आहे. गाईच्या पोटात असताना त्याला आईची प्रतिद्रव्ये मिळत नाहीत, ती चिकातून मिळतात, तीही पहिल्या काही तासांतच. खरवस आम्हालाही आवडतो, पण आधी वासराला पोटभर पाजा.

तोडणीवाल्यांसाठी एक. धनुर्वात होऊन बरा झालेल्यालाही तो पुन्हा होऊ शकतो, कारण त्याचे विष इतके थोडे असते की शरीरात नोंदच होत नाही. कोयता लागला की जखम धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा.