मेलेला क्लायंट निरोप देत नाही

हिंजवडी आणि माण ही आयटी पार्कची गावे मुळशी तालुक्यातली, आणि घोटावड्याच्या पलीकडचे रिहेही त्याच तालुक्यातले. पार्कातल्या सर्व्हरवर चालणारा कोड आणि रिह्यातल्या एखाद्याच्या खिशातला स्वस्तातला अँड्रॉइड फोन, दोघांनाही दिवसभर एक प्रश्न सोडवत बसावे लागते. एका प्रोग्रामने दुसऱ्यासाठी राखून ठेवलेली गोष्ट, मग ती कॅमेऱ्याची जोडणी असो, एखादे लॉक असो किंवा मेमरीचा तुकडा, नेमकी कधी सोडून द्यायची? लवकर सोडली तर वापरणारा तोंडघशी पडतो. सोडलीच नाही तर मेमरी भरत जाते, लॉक कायमचे अडकते आणि शेवटी कोणीतरी वैतागून मशीन रीस्टार्ट करतो.

उत्तर ऐकायला सोपे आहे. जोवर कोणी जोडलेले आहे तोवर ठेवा, शेवटचा गेला की टाका. जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० साली रेफरन्स काउंटिंगची ही पद्धत मांडली, ती एकाच प्रोग्रामच्या पोटातल्या याद्यांसाठी. तिथे मोजणारा आणि वापरणारा एकच असतो. प्रोग्राम मेला तर मोजणीही त्याच्याबरोबर जाते. दोन स्वतंत्र प्रोसेस आल्या की मोजणारा एकीकडे राहतो आणि वापरणारा दुसरीकडे, आणि वापरणारा मधेच मरू शकतो. या विषयातले बहुतेक गैरसमज या एका गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यामुळे झालेले आहेत.

गैरसमज : मोजणी म्हणजे एक आकडा, आला की एक वाढवा, गेला की एक कमी करा

सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज हाच, म्हणून याच्यापाशी जरा थांबू.

सामाईक विहिरीवरच्या मोटरीचा नियम असतो : शेवटी पाणी घेईल त्याने मोटर बंद करायची. नियम चांगलाच आहे. पण पाळी चालू असताना एखाद्याला साप चावला आणि लोकांनी त्याला तसाच दवाखान्यात नेला, तर मोटर कोण बंद करणार? विहिरीवर ‘सध्या तिघे पाणी घेत आहेत’ एवढीच नोंद असेल तर ती नोंद तीनवरच अडकते. कोण तिघे, हे लिहिलेले असेल तरच गेलेल्याचे नाव खोडता येते.

प्रोसेसचेही असेच. क्लायंटने, म्हणजे वापरणाऱ्या प्रोसेसने, ‘सोडले’ असा संदेश पाठवणे हा सभ्य मार्ग झाला. पण क्लायंट क्रॅश होतो, मेमरी संपली म्हणून कर्नल त्याला मारतो, कोणी टर्मिनलवरून किल -९ मारतो. त्या सिग्नलनंतर प्रोसेसला स्वतःचा एकही आदेश चालवता येत नाही. निरोपाचा संदेश पाठवणार कोण? शिवाय त्याच क्लायंटने एकच लॉक तीन वेळा मागितले असेल, तर तो मेल्यावर आकडा एकने कमी करायचा की तीनने? नुसत्या आकड्यापाशी याचे उत्तर नसते. म्हणून सर्व्हरने, म्हणजे राखून ठेवणाऱ्या प्रोसेसने, ठेवायची ती यादी : कोणता क्लायंट आणि त्याच्या नावावर काय काय. क्लायंट गेला की त्याच्या नावावरचे सगळे एकदम सुटते.

मग तो गेला हे सांगणार कोण? एकाच मशीनवर याचे खात्रीचे उत्तर आहे : कर्नल. प्रोसेस कशीही मरो, तिच्या उघड्या फाइल, सॉकेट, पाइप सगळे कर्नल बंद करतो. सॉकेटच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या सर्व्हरला जोडणी तुटल्याचे कळते. लिनक्स डेस्कटॉपवरची डी-बस याच पायावर उभी आहे. बसशी जोडलेल्या प्रत्येकाला बस एक वेगळे नाव देते, आणि जोडणी तुटली की ‘या नावाचा मालक बदलला’ असा संकेत प्रसारित करते. त्यात नव्या मालकाची जागा रिकामी असेल तर समजायचे, तो गेला. अँड्रॉइडमध्ये हेच काम बाइंडर नावाचा कर्नलमधला ड्रायव्हर करतो. ‘लिंक टू डेथ’ म्हणून आधी नोंद करून ठेवली की समोरची प्रोसेस मेल्यावर ड्रायव्हर कळवतो. कॅलबॅकची यादी सांभाळणारा अँड्रॉइडचा तयार वर्ग, रिमोट कॅलबॅक लिस्ट, मेलेल्यांची नावे आपणहून गाळतो. तो हाताशी असताना स्वतःची यादी नव्याने लिहिणे म्हणजे हौसेने बग विकत घेणे.

या सगळ्यांत मला सर्वांत आवडणारी रचना लिनक्सच्या सिस्टिमडी-लॉगइनडीची. ‘मी काम करतोय, मशीनला झोपवू नका’ अशी विनंती केली की ती सेवा उत्तरादाखल एक फाइल डिस्क्रिप्टर देते. तो उघडा आहे तोवर मशीन झोपत नाही. काम संपले की तो बंद करायचा. क्रॅश झालात तर कर्नल तो बंद करतोच. निरोपाचा वेगळा संदेशच नाही, त्यामुळे तो विसरला जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

गैरसमज : क्लायंटचा पीआयडी टिपून ठेवला की पुरते

पुरत नाही, कारण पीआयडी, म्हणजे कर्नलने प्रोसेसला दिलेले नंबर, पुन्हा वापरले जातात. लिनक्सवर त्यांची जुनी ठरलेली मर्यादा ३२,७६८ आहे. गजबजलेल्या सर्व्हरवर तेवढे नंबर संपायला वेळ लागत नाही, आणि मग मोजणी पुन्हा खालून सुरू होते. तुम्ही ‘४२१७ जिवंत आहे का?’ विचारता, कर्नल ‘हो’ म्हणतो, पण तो ४२१७ आता भलताच कोणी असतो. डी-बसचे वेगळे नाव ती बस चालू असेपर्यंत दुसऱ्या कोणालाही दिले जात नाही, ते या कारणासाठीच. प्रोसेसलाच धरून ठेवायचे असेल तर २०१९ मधल्या लिनक्स ५.३ पासून पीआयडीएफडी उघडण्याची सोय आहे. तो नंबराला चिकटत नाही, त्या विशिष्ट प्रोसेसला चिकटतो.

पीआयडी दर पाच सेकंदांनी तपासणारे कोड मी आजही पाहतो. ते बहुतेक वेळा चालतात, आणि म्हणूनच वर्षानुवर्षे तसेच राहतात.

गैरसमज : प्रोसेस मेली की तिचे सगळेच साफ होते

वर कर्नलचे कौतुक केले, त्याला इथे मुरड घालायला हवी. कर्नल साफ करतो ते प्रोसेसने उघडलेले. प्रोसेसने नाव देऊन निर्माण केलेले मागे राहू शकते. सिस्टिम फाइव्ह पद्धतीच्या सामायिक मेमरीत किती जण जोडलेले आहेत याचा आकडा कर्नल ठेवतो, पण तो शून्य झाला म्हणून मेमरी जात नाही. ती काढून टाकण्याची खूण आधी कोणीतरी करावी लागते. खूण केलेली असेल तर मात्र शेवटचा सुटेपर्यंत ती थांबते आणि मग जाते. पॉझिक्सची सामायिक मेमरीही नाव पुसेपर्यंत किंवा मशीन बंद होईपर्यंत जागा अडवते. जुन्या सर्व्हरवर आयपीसीएस ही आज्ञा देऊन पाहिलेत तर बेवारस तुकड्यांची यादी पुष्कळदा समोर येते.

याच्या उलट बाजूचा अनुभव सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाला असतो. डिस्क भरली म्हणून मोठी लॉग फाइल पुसली, आणि जागा मात्र इंचभरही वाढली नाही. युनिक्समध्ये फाइल पुसणे म्हणजे तिचे नाव काढणे. कोणत्याही प्रोसेसने ती उघडी ठेवली असेल तोवर मजकूर डिस्कवर राहतो. ऑब्जेक्टचे आयुष्य जोडलेल्यांवरून ठरवण्याचा हा सर्वांत जुना आणि सर्वांत यशस्वी नमुना असावा.

गैरसमज : क्लायंट मेला की दुसऱ्या टोकाला लगेच कळते

एकाच मशीनवर असाल तर बहुधा. एक फसगत मात्र नेहमीची आहे. क्लायंटने मधेच एखादी पोटप्रोसेस सुरू केली आणि तिला सॉकेटची किंवा पाइपची प्रत वारशात मिळाली, तर मूळ क्लायंट मेल्यावरही जोडणी उघडीच राहते. टोक बंद झाले असे कर्नल तेव्हाच म्हणतो, जेव्हा त्याच्या सगळ्या प्रती बंद होतात. यावर उपाय म्हणून क्लोज-ऑन-एक्झेकची खूण असते. फाइल उघडतानाच ती लावण्याची सोय लिनक्समध्ये २००७ साली, २.६.२३ या आवृत्तीत आली. सर्व्हर मेलेल्या क्लायंटची वाट पाहत लटकला असेल तर आधी हे तपासावे.

मशीन दोन असली की खेळच बदलतो. रिह्यातल्या घरातून कोणी हिंजवडीच्या सर्व्हरशी जोडून काम करते आहे असे धरू. पावसात लाइट गेली आणि राउटर बंद पडला. लॅपटॉप बॅटरीवर चालूच आहे, सर्व्हरही चालू आहे, फक्त मधली वाट गेली. इथे दोन्ही टोके ओळखणारा एकच कर्नल नाही, त्यामुळे मृत्यूची बातमी देणाराही कोणी नाही. सर्व्हरला फक्त शांतता ऐकू येते, आणि ‘मेला’ आणि ‘बोलत नाही’ यांतला फरक शांततेवरून कळत नाही.

टीसीपीत कीप-अलाइव्ह असते असे सांगून लोक इथे निश्चिंत होतात. लिनक्सवर ते मुळात मागून घ्यावे लागते. मागितले तरी ठरलेल्या मांडणीत पहिली चौकशी ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते. मग ७५ सेकंदांच्या अंतराने, पहिलीसह एकूण नऊ चौकश्या. मेलेल्या क्लायंटचे लॉक दोन तास अकरा मिनिटे धरून ठेवणे कोणत्याही कामाला परवडणारे नाही.

म्हणून नेटवर्कवर मुदत लागते. कॅरी ग्रे आणि डेव्हिड चेरिटन यांनी १९८९ मध्ये लीजची कल्पना मांडली. हक्क कायमचा द्यायचा नाही, ठरावीक काळापुरता द्यायचा. हवा असेल तर क्लायंटने मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावे. जावाच्या आरएमआयमध्ये ही मुदत ठरलेल्या मांडणीनुसार दहा मिनिटांची असते. मायक्रोसॉफ्टच्या डीकॉममध्ये क्लायंटच्या मशीनकडून दर दोन मिनिटांनी हाक जाते, आणि लागोपाठ तीन हाका चुकल्या की सर्व्हर त्याला गेलेला धरतो. कोर्बाने तर ही मोजणी नेटवर्कवरून करायचीच नाही असे ठरवले. तिथे क्लायंटने रेफरन्स सोडला तरी त्याच्याकडची प्रत तेवढी जाते, सर्व्हरवरच्या ऑब्जेक्टला त्याचा पत्ताही लागत नाही.

मुदतीला किंमत आहे. ती आखूड ठेवली तर नेटवर्कवर हाकांचा गोंगाट होतो आणि जिवंत माणसे मेलेली ठरतात; लांब ठेवली तर मेलेली जिवंत राहतात. रिह्यातली लाइट बाराव्या मिनिटाला परत आली तर? लॅपटॉपवरचा प्रोग्राम आपला ऑब्जेक्ट तिथेच आहे असे समजून पुढचा आदेश देतो, आणि तिकडून ‘असा ऑब्जेक्ट नाही’ अशी चूक परत येते. ही चूक हाताळून पुन्हा जोडणे हे क्लायंटचे काम आहे. ते न लिहिता ‘नेट गंडले होते’ म्हणणे हा बहाणा झाला.

गैरसमज : गार्बेज कलेक्टर असलेली भाषा घेतली की प्रश्न मिटला

कलेक्टर आपल्या प्रोसेसच्या भिंतीपलीकडे पाहू शकत नाही. क्लायंटकडे सर्व्हरच्या ऑब्जेक्टचा रेफरन्स आहे आणि सर्व्हरकडे त्या क्लायंटच्या कॅलबॅकचा. दोन्हीकडचे कलेक्टर म्हणतात, ‘बाहेरून कोणीतरी धरले आहे, हात लावायचा नाही.’ हे चक्र सुटत नाही. रेफरन्स काउंटिंग चक्रापुढे हतबल होते हे मॅकबेथ यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले होते. प्रोसेसच्या सीमेवर कलेक्टर असलेल्या भाषाही त्याच जुन्या अडचणीत येतात. दुसरी गोम वजनाची. क्लायंटकडचा प्रतिनिधी ऑब्जेक्ट काही बाइटांचा असतो, त्यामुळे तो गोळा करण्याची त्याच्या कलेक्टरला घाई नसते. त्या इवल्याशा प्रतिनिधीने पलीकडे केवढा डोलारा अडवून धरला आहे हे त्याला दिसत नाही. काम झाले की हाताने सोडा. मृत्यूची सूचना ही पडल्यावर झेलणारी जाळी आहे, रोजचा जिना नव्हे.

गैरसमज : यादी रिकामी झाली की त्याच क्षणी बंद व्हा

सर्व्हर ‘कोणी नाही’ म्हणून आवरत असतानाच नवा क्लायंट येऊन थडकतो आणि त्याची विनंती हवेत विरते. डी-बसवरच्या मागणीनुसार सुरू होणाऱ्या सेवांनी क्रम पाळायचा असतो : आधी आपले नाव सोडायचे, म्हणजे नवी विनंती नव्या प्रोसेसकडे जाईल, मग रांगेत आलेले संदेश संपवायचे, मगच बाहेर पडायचे. नोंद करतानाही अशीच फट असते. आधी नजर ठेवा, मग क्लायंट अजून आहे का ते विचारा. उलट केले तर दोन्हींच्या मधे मेलेला क्लायंट यादीत कायमचा बसतो.

गैरसमज : अलीकडची अ‍ॅप्स सरकवून टाकली की मागचे सगळे थांबते

हा प्रोग्रामरांचा नव्हे, घरोघरचा गैरसमज. अँड्रॉइडमध्ये दुसऱ्याशी बांधलेली सर्व्हिस तिचे क्लायंट जोडलेले असेपर्यंत राहते. शेवटचा सुटला आणि ती वेगळी सुरू केलेली नसेल, तर सिस्टिम ती काढून टाकते. तसेच सर्व्हिसच्या प्रोसेसचे महत्त्व तिच्या सर्वांत महत्त्वाच्या क्लायंटपेक्षा कमी धरले जात नाही. तुमच्या समोर उघडे असलेले अ‍ॅप जिच्यावर अवलंबून आहे, ती सर्व्हिस पडद्यावर दिसत नसली तरी मेमरीच्या टंचाईत शेवटपर्यंत टिकते. फोनला कोण कोणाशी जोडलेले आहे हे ठाऊक असते. सरकवणाऱ्या बोटाला नसते.

हिंजवडीत असा कोड लिहिणाऱ्यांना एक विनंती. क्लायंट नीट बंद करून घेतलेली चाचणी चाचणीत धरू नका. काम ऐन भरात असताना त्याला किल -९ मारा, नेटवर्कची तार उपटा, आणि मग सर्व्हरच्या यादीत त्याचे नाव किती वेळ उरते ते घड्याळ लावून पाहा.