महापौर आणि राष्ट्रनेते

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. हेच राजेंद्रप्रसाद १९२४ मध्ये पाटणा नगरपालिकेचे अध्यक्ष होते. त्याच सुमारास नेहरू अलाहाबादच्या आणि वल्लभभाई पटेल अहमदाबादच्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. नळ, गटारे व करपट्ट्या यांच्या हिशेबातून या पिढीला सत्तेची आणि तिच्या मर्यादांचीही ओळख झाली.

स्वातंत्र्यानंतर मात्र राष्ट्राच्या योजना दिल्लीत आखल्या गेल्या आणि त्यांच्यामागून नवी नगरे वसली. भिलाईत कारखान्याच्या वसाहतीतील रस्ते, पाणी व घरे यांची व्यवस्था केंद्राच्या अखत्यारीतील कारखान्याकडेच राहिली. कॅम्प-१ सारख्या वस्त्यांचा भार १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महानगरपालिकेवर आला. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरांना घटनेत स्थान मिळाले; तथापि त्यांना कोणते अधिकार द्यावयाचे, हे राज्यांच्या विधिमंडळांवर सोपविले गेले. आयुक्ताची नेमणूकही राज्य सरकारच करते.

परिणामी कॅम्पमधील नागरिक पाण्यासाठी महापौराकडे दाद मागतो. वसाहतीतील रहिवाशाला मात्र महानगरपालिकेसाठी मतदान करूनही कारखान्याच्याच दारी जावे लागते.