शरदातील वनफेरी : पाहणे आणि टिपणे

पावसाळा सरला की आम्ही विद्यार्थ्यांना वनफेरीस नेतो. २ ते ८ ऑक्टोबर या वन्यजीव सप्ताहाचे निमित्तही त्यास लाभते. वनविभागाची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या यांशिवाय मात्र ही फेरी निघत नाही. परतलेल्या मुलाला घरी पहिला प्रश्न विचारला जातो, ‘वाघ दिसला का?’ उत्तर बहुधा नकारार्थी असते. तरीही फेरीत मुले काय शिकतात, ते येथे थोडक्यात मांडत आहोत.

या दिवसांत विदर्भातील जंगलात गवत उंच वाढलेले असते. नाले, बोड्या भरलेल्या असल्याने जनावरे उन्हाळ्याप्रमाणे मोजक्या पाणवठ्यांवर एकवटत नाहीत. म्हणून प्राणी कमी दिसतात. परंतु ओलसर मातीत त्यांचे माग स्पष्ट उमटतात. चितळाच्या खुराचे दोन भाग दिसतात. कोल्ह्याच्या पावलात नखांच्या खुणा असतात; वाघ-बिबटे चालताना नखे आत घेतात, म्हणून त्यांच्या मागात त्या सहसा नसतात. इतिहासाच्या अभ्यासकाला जसा शिलालेख, तसा येथे माग. कोणी ठामपणे सांगितले म्हणून तो बिबट्याचा ठरत नाही. स्वतः पाहून, मोजून ठरवावा लागतो.

छायाचित्राचेही तसेच आहे. मागाशेजारी मोजपट्टी ठेवून वरून सरळ छायाचित्र घ्यावे. तारीख, वेळ आणि स्थळ त्याच दिवशी वहीत लिहावे. ही नोंद नसेल, तर सुंदर छायाचित्रही पुरावा म्हणून दुबळे ठरते. मात्र नेमके स्थळ वहीतच राहावे. मोबाइल छायाचित्रासोबत ठिकाणही साठवू शकतो आणि ते शिकाऱ्याच्या उपयोगी पडू शकते. म्हणून ती सोय बंद ठेवावी.

प्राणी समोर आलाच, तर अंतर राखणे हा पहिला नियम. चितळाने मान उंचावून रोखून पाहिले, पाय आपटला, की आपण फार जवळ आलो असे समजावे आणि तेथेच थांबावे. पुढे सरकल्यास कळप चरणे सोडून पळतो. पाडस मागे राहू शकते. वारा आपल्या तोंडावर येईल असे उभे राहावे, म्हणजे आपला वास त्याच्याकडे जात नाही. फ्लॅश वापरू नये, खाऊ टाकू नये. अभयारण्यात प्राण्यांना त्रास देण्यास १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने मनाई केली आहे. वानरांनी झाडावरून इशारा दिला, तर बिबट्या किंवा वाघ जवळ असण्याचा संभव असतो; अशा वेळी वाटाड्याच्या सांगण्याप्रमाणे सर्वांनी एकत्र, शांतपणे मागे फिरावे.

निश्चिंत चरणाऱ्या चितळाचे छायाचित्र दूरचे, अंधुक असले तरी आम्ही ते फलकावर लावतो. भेदरून पळणाऱ्या जनावराचे कितीही स्पष्ट असो, लावत नाही. मुलांना हा भेद समजावा, यासाठीच ही फेरी आहे.

पालकांनी ‘काय दिसले?’ यासोबत ‘ते कसे ओळखलेस?’ असेही विचारावे. माजी विद्यार्थ्यांकडे वापरात नसलेल्या दुर्बिणी असतील, तर त्या शाळेस द्याव्यात, ही विनंती.